एडन : तारीख देऊन सोडलेला तळ

एडनमधून शेवटचे इंग्रज सैनिक २९ नोव्हेंबर १९६७ रोजी गेले. ते जाणार हे लंडनने एकवीस महिने आधीच जगजाहीर केले होते. परदेशातला लष्करी तळ सोडायचा म्हणजे जहाजे मागवायची, सामान बांधायचे, झेंडा उतरवायचा आणि निघायचे, असे वाटत असेल तर या एकवीस महिन्यांकडे पाहावे. सामान बांधण्याचे काम त्यात सर्वांत सोपे निघाले. ज्यांनी इंग्रजांच्या भरवशावर आपल्या माणसांत वैर ओढवून घेतले होते, त्यांचे पुढे काय, हा प्रश्न अवघड होता. त्याचे उत्तर न देताच इंग्रज निघाले.

मराठी वाचकाला एडन आठवते ते वासुदेव बळवंत फडक्यांमुळे. शिरढोणच्या या माणसाला जन्मठेप देऊन १८८० च्या आरंभी एडनला नेले, तेथून त्यांनी पळून जाण्याचा प्रयत्न केला, ते पुन्हा पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. पण त्यांना एडनलाच का पाठवले, हे आपण सहसा विचारत नाही. कारण सरळ आहे. एडन तेव्हा मुंबई इलाख्यातच मोडत होते. समुद्रापलीकडचे असले तरी कारभाराच्या दृष्टीने ते रत्नागिरी किंवा धारवाडसारखेच मुंबईच्या गव्हर्नरच्या हाताखाली होते.

ते तसे झाले कोळशामुळे. १८३० मध्ये ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझला गेली आणि इंग्लंडची टपाल तांबड्या समुद्रातून आणता येईल हे सिद्ध झाले. पण त्या काळच्या बोटी कोळसा अफाट खात. वाटेत कोठेतरी कोळशाचा साठा हवा होता. मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी एडनचा ध्यास घेतला. ते १८३८ च्या जुलैत पुण्याजवळ दापोडीला वारले आणि एडन हाती आलेले त्यांना पाहता आले नाही. १८३७ मध्ये इंग्रजी निशाण लावलेले ‘दर्या दौलत’ हे जहाज एडनजवळ फुटले होते. त्याची लूट झाली आणि उतारूंची विटंबना झाली. ते निमित्त पुरले. १९ जानेवारी १८३९ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारातले कॅप्टन हेन्स यांनी मुंबईहून आलेल्या सुमारे सातशे शिपायांच्या बळावर एडन घेतले. मुंबईच्या पलटणीतले गोरे शिपाई त्यात होते, तसे आपल्याकडचे देशी शिपाईही होते. व्हिक्टोरिया राणी गादीवर आल्यानंतर साम्राज्यात आलेला हा पहिला मुलूख.

हेन्स यांची कथा येथे सांगितलीच पाहिजे, कारण एडनने पुढे अनेकांना जे दाखवले ते पहिल्यांदा त्यांना दाखवले. पंधरा वर्षे त्यांनी ते उजाड गाव सांभाळले, वाढवले. हिशेब ठेवायला मात्र त्यांना पुरेशी माणसे कधी मिळाली नाहीत. १८५४ मध्ये खजिन्यात तूट निघाली तेव्हा मुंबई सरकारने त्यांना परत बोलावून खटला भरला. अफरातफरीच्या आरोपातून ते सुटले, पण रक्कम भरता येईना म्हणून कर्जदार म्हणून मुंबईच्या तुरुंगात राहिले. १८६० मध्ये नव्या गव्हर्नरने त्यांची सुटका केली. मायदेशी निघण्यासाठी ते बोटीवर चढले आणि बोट मुंबई बंदरात उभी असतानाच त्यांनी प्राण सोडला. ज्याने तळ मिळवून दिला त्याच्याशीही सरकार असे वागले.

सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला आणि एडनचे नशीब फळफळले. विझलेल्या ज्वालामुखीच्या कुशीत वसलेले क्रेटर हे जुने गाव, पश्चिमेला बोटींचा स्टीमर पॉइंट, मध्ये माल्ला, उत्तरेला खोरमक्सरची वाळू आणि त्यापलीकडे शेख उस्मान, असा शहराचा पसारा झाला. मुंबईचे पारशी, कच्छी, बोहरी व्यापारी तेथे स्थिरावले. कावसजी दिनशा यांच्या पेढीशिवाय बंदराचे पान हलत नसे. १८८३ मध्ये पारशांनी तेथे अग्यारी बांधली. फडके गेले तेच हे वर्ष. व्यवहार रुपयांत चाले, आणि तो १९५१ पर्यंत चालू राहिला. १९३२ मध्ये एडन मुंबईकडून दिल्लीच्या ताब्यात गेले आणि १ एप्रिल १९३७ रोजी हिंदुस्थानपासून तोडून थेट लंडनच्या वसाहतखात्याला जोडले गेले.

दुसऱ्या महायुद्धानंतर खरे तर एडनचे प्रयोजन संपायला हवे होते. हिंदुस्थान स्वतंत्र झाला, मग हिंदुस्थानच्या वाटेवरचे ठाणे कशाला? पण झाले उलटेच. १९५१ मध्ये इराणने आबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना ताब्यात घेतला, तेव्हा ब्रिटिश तेल कंपनीने लिटल एडनमध्ये नवा कारखाना उभारला आणि तो १९५४ मध्ये सुरू झाला. १९५६ मध्ये सुएझ प्रकरणात ब्रिटनची नाचक्की झाली. इजिप्तमधले तळ गेलेलेच होते, केनिया स्वतंत्र होण्याच्या वाटेवर होता. एकेक जागा सुटत गेली तसतसे जे हाती उरले होते त्याचे मोल वाढत गेले. १९६० च्या सुमारास मध्यपूर्वेतल्या ब्रिटिश सैन्याचे मुख्यालयच एडनला आले. खोरमक्सरचा विमानतळ हवाई दलाच्या सर्वांत गजबजलेल्या तळांपैकी एक झाला. माल्ल्याच्या लांबलचक सरळ रस्त्यावर दोन्ही बाजूंना सैनिकांच्या कुटुंबांसाठी इमारती उठल्या. १९६१ मध्ये इराकने कुवेतवर दावा सांगताच एडनहूनही फौज धाडता आली. ‘पाहा, तळ कामाला येतो’ असे म्हणायला लंडनला उदाहरण मिळाले.

या तळाचा सगळा डोलारा मात्र दुसऱ्यांच्या खांद्यावर होता. गोदीत, कारखान्यात, छावण्यांत राबणारे हजारो मजूर उत्तर येमेनमधून आलेले होते. त्यांना मताधिकार नव्हता, पण कामगार संघटनेत त्यांचे बळ प्रचंड होते आणि कैरो रेडिओवरचा इजिप्तचे अध्यक्ष नासर यांचा आवाज त्यांच्या खोल्याखोल्यांत पोहोचत होता. शहराबाहेरच्या डोंगराळ मुलखात वीस-बावीस लहानमोठे सुलतान, शेख आणि अमीर होते. त्यांच्याशी इंग्रजांनी जुने करार केले होते. लंडनच्या मुत्सद्द्यांनी असे ठरवले की या संस्थानिकांचा संघ करायचा, शहर त्याला बांधायचे, म्हणजे शहरातल्या कामगारांच्या चळवळीला संस्थानिकांचे वजन तोलून धरील. २४ सप्टेंबर १९६२ रोजी एडनच्या विधिमंडळाने संघात जाण्याला संमती दिली. दोनच दिवसांनी उत्तर येमेनमध्ये साना येथे क्रांती होऊन इमामाची सत्ता उलथली आणि क्रांतिकारकांच्या मदतीला इजिप्तचे सैन्य येमेनमध्ये उतरले. एडनची सीमा आता नासरच्या फौजेला भिडली.

१९६३ च्या ऑक्टोबरात रदफानच्या डोंगरात बंडाला तोंड फुटले. दहा डिसेंबरला खोरमक्सर विमानतळावर हाय कमिशनर ट्रेव्हॅस्किस यांच्यावर बॉम्ब पडला. ते वाचले, त्यांच्या आड आलेले साहाय्यक जॉर्ज हेंडरसन मात्र जखमांनी दगावले. आणीबाणी पुकारली गेली आणि ती इंग्रज जाईपर्यंत उठली नाही.

तरीही १९६४ च्या जुलैत लंडनला झालेल्या परिषदेत दिलेले वचन स्पष्ट होते. १९६८ पर्यंत दक्षिण अरेबिया स्वतंत्र होईल, तळ मात्र राहील आणि संरक्षणाचा करार होईल. या शब्दावर संघाचे मंत्री उभे होते. हे मंत्री म्हणजे बहुतेक संस्थानिकच. त्यांच्याविषयी फार जिव्हाळा वाटावा असे काही नव्हते. आपली सत्ता टिकावी एवढाच त्यांतल्या बहुतेकांचा हेतू होता. पण त्यांनी जाहीरपणे इंग्रजांची बाजू घेतली होती, कैरो रेडिओवरून त्यांच्या नावाने रोज शिव्याशाप येत होते, आणि त्या बदल्यात त्यांना एकच गोष्ट मिळाली होती : वचन.

ऑक्टोबर १९६४ मध्ये लंडनमध्ये मजूर पक्षाचे सरकार आले. हॅरॉल्ड विल्सन पंतप्रधान झाले, डेनिस हीली संरक्षणमंत्री. तिजोरी रिकामी होती आणि संरक्षणाचा खर्च दोन अब्ज पौंडांच्या मर्यादेत बसवायचा होता. हीली हुशार आणि अभ्यासू मंत्री होते. भोवतालची माणसे वैरी झाली की तळ स्वतःचेच रक्षण करण्यात आपले बळ घालवतो, हे त्यांना दिसत होते. ते खरेही होते. एडनमधल्या पलटणी आखाताचे रक्षण करण्याऐवजी क्रेटरच्या गल्ल्यांतून गस्त घालत होत्या. एडन सोडण्याच्या निर्णयात म्हणूनच काही चूक नव्हती. शिवाय तो देश ब्रिटनचा नव्हता.

चूक झाली ती निर्णय सांगण्याच्या रीतीत आणि वचन मोडण्यात. २२ फेब्रुवारी १९६६ रोजी संरक्षणाची श्वेतपत्रिका प्रसिद्ध झाली. दक्षिण अरेबिया १९६८ मध्ये स्वतंत्र होताच एडनचा तळ बंद होईल, आणि स्वातंत्र्यानंतर संरक्षणाचा कोणताही करार ब्रिटन करणार नाही, असा त्यातला निर्णय होता. लॉर्ड बेसविक या कनिष्ठ मंत्र्याला तो सांगण्यासाठी एडनला धाडण्यात आले. संघाच्या मंत्र्यांना धक्का बसला. त्यांचे म्हणणे वाजवी होते : तुम्ही जायचे तर जा, पण आमची फौज उभी राहीपर्यंत तरी पाठीशी उभे राहाल असे बोलला होतात.

या एका घोषणेने सगळ्यांचे हिशेब बदलले. नासरचे सैन्य येमेनच्या डोंगरांत थकले होते आणि माघारीची बोलणी चालू होती. आता दोन वर्षे तग धरला की इंग्रज आपण होऊन जातील हे कळल्यावर त्याने मुक्काम लांबवला. क्रेटरमधल्या दुकानदाराने विचार केला की १९६८ मध्ये गल्लीत कोण असेल. पोलिसाने तोच विचार केला, कारकुनानेही. गुप्त पोलिसांत काम करणारे अरब अधिकारी आधीच एकेक करून रस्त्यात मारले गेले होते. आता साक्ष द्यायला, माहिती द्यायला कोणी पुढे येईना. इंग्रज मग पकडलेल्यांकडून माहिती काढू लागले. फोर्ट मोरबट येथील चौकशीत छळ होतो अशा तक्रारी झाल्या, ॲम्नेस्टीने त्या जगापुढे मांडल्या, आणि तपासासाठी लंडनहून माणूस पाठवावा लागला. हातबॉम्ब, गोळीबार अशा घटना १९६५ मध्ये तीनशेच्या आत होत्या. १९६६ मध्ये त्या पाचशेवर गेल्या आणि १९६७ मध्ये तीन हजारांच्या घरात पोहोचल्या.

आणखी एक गोष्ट घडली, आणि माझ्या मते ती सर्वांत वाईट. इंग्रज जाणारच हे ठरल्यावर त्यांना घालवण्याची लढाई उरली नाही. उरली ती त्यांच्यामागून येण्याची. नॅशनल लिबरेशन फ्रंट, म्हणजे एनएलएफ, ही रदफानच्या बंडातून वाढलेली संघटना एका बाजूला. दुसऱ्या बाजूला अब्दुल्ला अल-अस्नाग आणि अब्दुल कावी मक्कावी यांची इजिप्तच्या पाठिंब्यावरची फ्लॉसी ही संघटना. दोघांना राज्य हवे होते आणि इंग्रजांना आपणच हाकलले असे सांगता येणे दोघांनाही आवश्यक होते. म्हणून जाणाऱ्या सैनिकांवर हल्ले वाढत गेले, आणि रात्री शेख उस्मानमध्ये अरब अरबांना मारू लागले. एडनच्या मृतांत स्थानिक माणसांची संख्या इंग्रजांहून कितीतरी मोठी आहे. इंग्रजी आठवणींत ती फारशी दिसत नाही.

१९६७ चा जून महिना भयंकर ठरला. पाच तारखेला इस्रायल-अरब युद्ध पेटले, सहा दिवसांत अरबांचा पराभव झाला आणि सुएझचा कालवा बंद पडला. एडनचे बंदर एका आठवड्यात ओस पडले. सैनिकांची बायकामुले विमानांनी मायदेशी जात होती. पराभवात इंग्रजांचा हात आहे अशी अरब जगात ठाम समजूत होती. त्यात संघाच्या अरब सैन्यात अधिकाऱ्यांच्या नेमणुकांवरून धुसफूस चालू होती. काही अधिकारी निलंबित झाले. २० जूनच्या सकाळी एका छावणीत गडबड उडाली आणि गोळीबाराच्या आवाजाने अफवा धावली की इंग्रज अरब सैनिकांना मारत आहेत. ती खोटी होती. ती तपासायला मात्र कोणी थांबले नाही. सरावाहून परतणाऱ्या सैनिकांच्या मोटारीवर गोळ्या सुटल्या. क्रेटरमध्ये सशस्त्र पोलिसांनी आपल्याच बरोबर गस्त घालणाऱ्या इंग्रज तुकडीला गाठले. संध्याकाळपर्यंत २२ ब्रिटिश सैनिक मरून पडले होते आणि क्रेटर हातचे गेले होते.

मारणारे परके नव्हते, हे येथे लक्षात घ्यावे. ब्रिटनने स्वतः शिकवलेले, पगार दिलेले, आपल्यामागे राज्य सांभाळतील म्हणून तयार केलेले तेच पोलीस होते.

नवे हाय कमिशनर सर हम्फ्री ट्रेव्हेल्यन यांना येऊन महिनाच झाला होता. सैन्यातले तरुण अधिकारी क्रेटरमध्ये लगेच घुसण्यासाठी अधीर झाले होते. ट्रेव्हेल्यन यांनी परवानगी दिली नाही. क्रेटरमध्ये रक्तपात झाला तर संघाचे सगळे सैन्य उलटेल आणि डोंगराळ ठाण्यांवर एकेकटे असलेले इंग्रज अधिकारी कापले जातील, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. त्यांचा हा संयम मला त्या सगळ्या प्रकरणातली सर्वांत शहाणी कृती वाटते. दोन आठवड्यांनी, ३ जुलैच्या रात्री, लेफ्टनंट कर्नल कॉलिन मिचेल यांच्या आर्गाइल पलटणीने बॅगपाइप वाजवत क्रेटरमध्ये प्रवेश केला. फारसा प्रतिकार झाला नाही. लंडनच्या वृत्तपत्रांनी मिचेल यांना वीरपुरुष केले आणि पुढे ते संसदेतही निवडून गेले. पण त्या रात्री जिंकलेले क्रेटर पाच महिन्यांनी सोडायचेच होते. इतिहासाच्या ओघात त्याने काही बदलले नाही.

खरा निकाल शहराबाहेर लागला. ब्रिटिश तुकड्या डोंगराळ मुलखातून मागे आल्या आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये संस्थाने एकामागून एक एनएलएफच्या हाती गेली. मुकल्ल्याचा तरुण कुऐती सुलतान सप्टेंबरात बोटीने परत आला तेव्हा त्याचे शहर आधीच गेले होते. त्याला उतरता आले नाही. या घराण्याचे पूर्वज निजामाच्या पदरी अरब पलटणीचे जमादार होते. ज्या दरबाराची सत्ता आपल्या मराठवाड्यावर होती तेथेच त्यांनी नाव आणि पैसा कमावला होता. संघाचे मंत्री पळाले, काही पकडले गेले. ज्या संघासाठी पाच वर्षे खटपट केली तो इंग्रज तेथे असतानाच मोडला. नोव्हेंबरच्या आरंभी अरब सैन्याने एनएलएफला पाठिंबा जाहीर केला आणि फ्लॉसीचा निकाल लागला. ज्यांना दहशतवादी म्हणून काल पकडत होते, त्यांच्याशीच जिनिव्हाला २१ नोव्हेंबरपासून सत्तांतराची बोलणी सुरू झाली. कहतान अल-शाबी एका बाजूला, लॉर्ड शॅकलटन दुसऱ्या. त्यातून १ कोटी २० लाख पौंडांची मदत ठरली. एनएलएफला याहून जास्त हवे होते.

प्रत्यक्ष माघार शिस्तीत पार पडली, हे सैन्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. २४ सप्टेंबरला शेख उस्मान सोडून विमानतळाच्या उत्तरेला नवी फळी उभारली गेली. मग ती टप्प्याटप्प्याने आत ओढली. विमाने खोरमक्सरहून बहरीनला माणसे पोहोचवत होती. बंदराबाहेर ‘ईगल’, ‘ॲल्बियन’ अशी वीसहून अधिक जहाजे उभी होती. २६ नोव्हेंबरला क्रेटर रिकामे झाले. २८ तारखेला ट्रेव्हेल्यन विमानात चढले, तेव्हा नौदलाच्या बँडने जुने दिवस आता उरले नाहीत अशा अर्थाचे लंडनच्या रंगभूमीवरचे एक गाजलेले गाणे वाजवले. दुसऱ्या दिवशी ४२ व्या कमांडो पलटणीचे शेवटचे सैनिक हेलिकॉप्टरमधून ‘ॲल्बियन’वर गेले. सत्ता हाती घ्यायला समारंभ झाला नाही, कारण देणारे आणि घेणारे एका मांडवात उभे राहू शकत नव्हते. १२८ वर्षे आणि दहा महिन्यांची सत्ता संपली. ३० नोव्हेंबरला दक्षिण येमेनचे लोकशासित प्रजासत्ताक जन्मले.

त्याच महिन्यात, १८ तारखेला, ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले होते. १६ जानेवारी १९६८ रोजी विल्सन यांनी सुएझच्या पूर्वेकडचे सिंगापूर, मलेशिया आणि आखातातले मोठे तळही १९७१ च्या अखेरीस बंद होतील असे जाहीर केले. आखातातल्या शेखांनी तर फौजेचा खर्च आपण देतो असे सुचवले होते. त्याचा उपयोग झाला नाही. सिंगापूरच्या ली क्वान यू यांनी लंडनला जाऊन झगडून काही महिने मिळवले. तळाच्या गोद्या ताब्यात घेऊन त्यांनी त्यांचा व्यापारी कारखाना केला, कामगारांना नवे शिक्षण दिले आणि तीन वर्षांत देश सावरला. एडनला तशी संधी नव्हती. कालवा १९७५ पर्यंत बंद राहिला, तळाचा पैसा आटला, बंदर ओसाडले आणि मदतीची पुढची बोलणी फिसकटली. जून १९६९ मध्ये अल-शाबी यांना त्यांच्याच पक्षातल्या डाव्या गटाने काढले. पुढे सोव्हिएत नौदलाची जहाजे त्याच बंदरात येऊ लागली. १९८६ च्या जानेवारीत सत्ताधारी पक्षातले दोन गट एडनच्या रस्त्यांवर लढले आणि हजारो माणसे मेली.

आणि तळांचे म्हणाल तर ते बंद झाले नाहीत, जागा बदलली. १९६६ मध्येच ब्रिटनने हिंदी महासागरातले दिएगो गार्सिया बेट अमेरिकेला लष्करी वापरासाठी देण्याचा करार केला होता. तेथे विरोध करायला शहर नव्हते, कामगार संघटना नव्हती. जे थोडे रहिवासी होते त्यांना १९७३ पर्यंत उचलून मॉरिशस आणि सेशेल्सला टाकले. एडनवरून लंडन-वॉशिंग्टनने घेतलेला धडा हा होता : माणसे नसतील तेथे तळ करावा, आणि असतील तर ती हलवावीत. एडनमध्ये जे झाले त्याहून मला हे अधिक अक्षम्य वाटते.

एडनमधले मुंबईकर पारशीही हळूहळू परतले. अग्यारीतला अग्नी मात्र तेथेच जळत होता आणि तो आणायला परवानगी मिळेना. बरीच वर्षे खटपट केल्यावर १९७६ मध्ये एअर इंडियाच्या विमानातून तो मुंबईला आला. विमानातले कर्मचारी पारशीच निवडले होते. तो लोणावळ्याला नेऊन स्थापला, आणि तेथे तो अजून तेवत आहे. २०१५ मध्ये येमेनच्या यादवीत अडकलेल्या भारतीयांना सोडवायला आपल्या नौदलाची जहाजे एडनला गेली, तेव्हा त्यांत एक ‘आयएनएस मुंबई’ होती.

मुंबईने एडन जवळजवळ एक शतक चालवले. हेन्स यांची पत्रे, पलटणींचे खर्च, सुलतानांचे तनखे, कैद्यांच्या याद्या, हा सगळा पत्रव्यवहार मुंबई सरकारच्या राजकीय खात्याच्या दप्तरांत गेला, आणि ती दप्तरे आज काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र राज्य अभिलेखागारात आहेत. आजवर एडनचा इतिहास बहुतेक इंग्रज अधिकाऱ्यांनी आणि त्यांच्या पलटणींनी लिहिला. ज्या शहरातून एडन घेणारी फौज निघाली होती तेथल्या तरुण संशोधकांनी आता ती दप्तरे उघडावीत.